केरसुणीला प्रतिष्ठा मागणाऱ्या बाई : नॅनी हेलन बरोज

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अब्राहम लिंकन उभे राहतात, बुकर टी. वॉशिंग्टन उभे राहतात, मार्टिन ल्यूथर किंग उभे राहतात. नॅनी हेलन बरोज हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात, विशेषतः तेथील चर्चमधून काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये, हे नाव आजही आदराने घेतले जाते. वॉशिंग्टन शहरातील एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. मात्र एका थोर बाईची थोरवी सांगावी एवढ्याचसाठी मी हा लेख लिहायला घेतलेला नाही. बरोजबाई ज्या बायकांसाठी झिजल्या त्या दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक, धुणे, केरवारे करणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांच्या सरकारने त्यांना वर्षानुवर्षे वाऱ्यावर सोडले होते. बरोजबाईंचे चरित्र वाचताना ही दुसरी गोष्ट पानोपानी दिसत राहते. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या पाहिजेत असे मला वाटते.

बरोजबाईंचा जन्म २ मे १८७९ रोजी व्हर्जिनिया राज्यातील ऑरेंज या गावी झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या पिढीने गुलामगिरी डोळ्यांनी पाहिली होती. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या मुक्तीचा गौरव केला, त्या मुक्तीनंतर दहा-पंधरा वर्षांत जन्मलेल्या मुलांमुलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. बेड्या तुटल्या हे खरे. परंतु जमीन मिळाली नाही, भांडवल मिळाले नाही, आणि बायकांना तर काम तेच राहिले. काल जिच्या चुलीपुढे गुलाम म्हणून राबायचे, आज तिच्याच चुलीपुढे मोलकरीण म्हणून राबायचे. पुढे १९४० सालीसुद्धा कामकरी कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी शंभरातील सुमारे साठ जणी घरकामातच होत्या. यावरून या कामाचा आणि वर्णाचा संबंध किती घट्ट होता हे ध्यानात येते.

नॅनीचे वडील शेती करीत व गावोगावी हिंडून धर्मोपदेश करीत. आई मुलीला घेऊन १८८३ साली वॉशिंग्टनला आली. तेथे काम मिळेल आणि मुलीला शाळा मिळेल, हा तिचा विचार. आई स्वयंपाकीण म्हणून काम करीत असे आणि मुलगी शिकत असे. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या तेथील एम स्ट्रीट हायस्कूलचा लौकिक मोठा होता. ॲना ज्युलिया कूपर आणि मेरी चर्च टेरेल या दोन विदुषींच्या सहवासाचा लाभ नॅनीला तेथे झाला. १८९६ साली ती उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली. गृहशास्त्र हा तिचा आवडीचा विषय होता, आणि शहरातील सार्वजनिक शाळेत त्याच विषयाची शिक्षिका व्हावे ही तिची इच्छा होती.

ती जागा तिला मिळाली नाही. तिचा वर्ण फार काळा म्हणून ती नाकारण्यात आली, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. त्यानंतर काही काळ तिने फिलाडेल्फियाला एका धार्मिक नियतकालिकात काम केले. परत वॉशिंग्टनला येऊन तिने सरकारी नोकरीची परीक्षा दिली. गुण चांगले पडले. परंतु कृष्णवर्णीय कारकुनासाठी जागा नाही असे उत्तर मिळाले. शेवटी या हुशार, शिकलेल्या मुलीने एका कचेरीच्या इमारतीत झाडलोट करण्याचे काम पत्करले.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. खाजगी मालकाने भेदभाव केला तर सरकारकडे दाद मागता येते, असे आपण नागरिकशास्त्रात शिकतो. पण जेथे परीक्षा घेणारे सरकार, गुण देणारे सरकार आणि वर्ण पाहून दार लावून घेणारेही सरकारच, तेथे दाद मागायची कोणाकडे? पुढील साठ वर्षे बरोजबाईंनी जे काही केले ते सरकारवर विसंबून न राहता केले. त्याचे मूळ मला या दोन नकारांत दिसते.

पुढे त्या केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे बॅप्टिस्ट पंथाच्या परदेश धर्मप्रसार मंडळाच्या कचेरीत काम करू लागल्या. नोकरी सांभाळून त्यांनी तेथे कामकरी स्त्रियांसाठी एक मंडळ काढले. या मंडळात स्वस्तात दुपारचे जेवण मिळे आणि संध्याकाळी गृहशास्त्राचे व कचेरीच्या कामाचे वर्ग चालत. १९०० साली रिचमंड येथे नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे अधिवेशन भरले. तेथे एकवीस वर्षांच्या बरोजबाईंनी भाषण केले. चर्चची सारी कष्टाची कामे बायकांनी करायची आणि निर्णय मात्र पुरुषांनी घ्यायचे, यामुळे बायकांची सेवा करण्याची शक्ती कशी अडवली जाते, हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. त्याच अधिवेशनात स्त्रियांची स्वतंत्र शाखा स्थापन झाली. बरोजबाई तिच्या चिटणीस झाल्या आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते पद सांभाळले. पुढे १९४८ पासून मृत्यूपर्यंत त्या तिच्या अध्यक्षा होत्या. या शाखेची सभासदसंख्या काही वर्षांतच दहा लाखांच्या पुढे गेली असे सांगितले जाई. या सभासदांत धुणेवाल्या, स्वयंपाकिणी, दाया, मोलकरणीच मोठ्या संख्येने होत्या.

या बायकांच्या मुलींसाठी शाळा काढावी हा विचार बरोजबाईंनी या शाखेपुढे मांडला. पैसा कोठून आणायचा? त्या काळी कृष्णवर्णीयांच्या संस्था गोऱ्या धनिकांच्या देणग्यांवर उभ्या राहत. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारख्या वजनदार पुढाऱ्यालाही ही शाळा अशा देणग्यांवाचून उभी राहील असे वाटत नव्हते. बरोजबाईंनी मात्र आपल्याच बायकांपुढे पदर पसरला. कोणी पाच सेंट दिले, कोणी दहा. रिचमंडच्या मॅगी लीना वॉकर, ज्यांनी स्वतः बँक काढली होती आणि ज्यांची आई धुणी धूत असे, त्यांनी ५०० डॉलर दिले. वॉशिंग्टनच्या ईशान्य भागात लिंकन हाइट्स येथे सहा एकर जमीन आणि तिच्यावरचे एक जुने शेतघर विकत घेतले गेले. १९ ऑक्टोबर १९०९ रोजी नॅशनल ट्रेनिंग स्कूल फॉर विमेन अँड गर्ल्स ही शाळा सुरू झाली. तेव्हा बाईंचे वय होते तीस.

या शाळेत काय शिकवीत ते पाहण्यासारखे आहे. स्वयंपाक, धुलाई, घर चालविणे, शिवणकाम, रुग्णसेवा हे तर होतेच. पण त्याबरोबर लघुलेखन, हिशेबनीस, छपाई, बागकाम, इतकेच काय पादत्राणांची दुरुस्तीही होती. बायबल, स्नान आणि केरसुणी या तीन गोष्टी म्हणजे या शाळेची खूण समजली जाई. चारित्र्य, स्वच्छता आणि श्रम असा त्याचा अर्थ. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास प्रत्येक मुलीला सक्तीचा होता. ज्या काळात शाळांच्या पाठ्यपुस्तकांत हा इतिहास जवळजवळ नव्हताच, त्या काळात मोलकरीण होऊ घातलेल्या मुलीला तो शिकवला जात होता, हे विशेष. पुढे देशभरातून, तसेच आफ्रिका आणि वेस्ट इंडीज बेटांतूनही मुली या शाळेत येऊ लागल्या.

बरोजबाईंवर एक आक्षेप घेतला जातो. मुलींना डॉक्टर, वकील करायचे सोडून त्यांनी त्यांना उत्तम मोलकरणी केले, म्हणजे गोऱ्यांच्या घराची सोयच केली, असा तो आक्षेप आहे. हा आक्षेप अगदीच खोटा आहे असे मला म्हणता येणार नाही. परंतु त्या वेळी दुसरी वाट किती मुलींना मोकळी होती? हुशार विद्यार्थिनी म्हणून गाजलेल्या खुद्द बाईंनाच झाडू हाती घ्यावा लागला होता. बहुसंख्य मुलींना परिस्थिती घरकामाकडेच नेणार, हे त्यांना दिसत होते. मग ते काम कौशल्याचे आहे, त्याचे शिक्षण असते, आणि म्हणून त्याला योग्य वेतन व मान मिळाला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सुतार, गवंडी यांना कारागीर म्हणायचे आणि दहा माणसांचा स्वयंपाक करणारीला मात्र गडी माणसांत काढायचे, हा अन्याय त्यांना मान्य नव्हता.

प्रशिक्षणाने काम चांगले होते, पण वेतन आपोआप वाढत नाही, हेही बाईंना कळून चुकले असावे. कारण १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॅशनल असोसिएशन ऑफ वेज अर्नर्स ही कामकरी स्त्रियांची संघटना काढली. मेरी मॅक्लिऑड बेथ्यून आणि मॅगी लीना वॉकर या त्यांच्या सोबत होत्या. घरकाम करणाऱ्या बायकांना संघटित करणे, त्यांची राहणी सुधारणे, त्यांच्या हिताचे कायदे व्हावेत म्हणून प्रयत्न करणे हे संघटनेचे हेतू होते. ही संघटना फार वर्षे टिकली नाही. गिरणीत हजार कामगार एका छपराखाली असतात. त्यांना एका दारावर सभा घेऊन गोळा करता येते. मोलकरीण मात्र प्रत्येक घरात एकटी असते. मालकिणीशी बोलणी तिची तिलाच करावी लागतात, आणि तिने काम सोडले तर दुसरी गरजू बाई दाराशी उभी असते. अशा ठिकाणी संघटनेच्या पाठीशी कायदा नसेल तर ती उभी राहणे फार कठीण.

आणि कायदा पाठीशी नव्हताच. १९१८ साली अमेरिकन काँग्रेसने राजधानीच्या शहरातील स्त्रिया व मुले यांच्यासाठी किमान वेतनाचा कायदा केला. बरोजबाईंची शाळा याच शहरात. परंतु या कायद्यातून घरकाम स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. शहरातील ज्या कृष्णवर्णीय स्त्रियांना वेतनाच्या संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच बाहेर राहिल्या. पुढे १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरविला.

सरकारचे बरोजबाईंकडे लक्ष नव्हते असे मात्र नाही. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत १९१३ पासून सरकारी कचेऱ्यांतच काळ्या-गोऱ्या नोकरांना वेगळे बसविण्याचा प्रकार वाढला. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याचे प्रकार देशात चालू असता विल्सन गप्प का, अशी टीका बरोजबाईंनी केली. तेव्हा सरकारने त्यांच्यावर पाळत ठेवली. मोलकरणीच्या पगारावर देखरेख ठेवायला ज्या सरकारकडे माणूस नव्हता, त्या सरकारकडे मोलकरणींच्या शिक्षिकेवर पाळत ठेवायला माणसे होती. पुढे १९३१ साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी गृहनिर्माणविषयक परिषदेच्या वेळी कृष्णवर्णीयांच्या घरांसंबंधी एक समिती नेमली आणि बरोजबाईंना तिच्या अध्यक्षा केले. समितीचा अहवाल १९३२ साली प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे किती दाटीची व गैरसोयीची होती हे त्यात नोंदले गेले.

तोवर महामंदी आली होती. मंदीत पहिली कुऱ्हाड मोलकरणीवर पडली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कृष्णवर्णीय बायका सकाळपासून हातात कामाच्या कपड्यांची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. घरमालकिणी येत, भाव करीत आणि तासाला काही सेंट ठरवून त्यांना घेऊन जात. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींनी १९३५ साली 'द क्रायसिस' या मासिकात लेख लिहून या बाजाराचे वर्णन केले. गुलामगिरी संपून सत्तर वर्षे झाली होती.

याच १९३५ साली रूझवेल्ट सरकारने सामाजिक सुरक्षेचा प्रसिद्ध कायदा केला. म्हातारपणी निवृत्तिवेतन आणि काम गेल्यास भत्ता, अशी त्यातील योजना. जगभर या कायद्याची वाहवा झाली, आणि ती योग्यही होती. पण त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या वतीने चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे वकील सिनेटच्या समितीपुढे गेले. त्यांनी आकडेच पुढे ठेवले. सुमारे ५५ लाख कृष्णवर्णीय कामगारांपैकी २० लाखांच्या आसपास शेतीत आणि १५ लाखांच्या आसपास घरकामात होते. म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक लोक या कायद्याच्या बाहेर राहणार होते. तरीही वगळणूक कायम राहिली. त्याच वर्षीच्या वॅग्नर कायद्याने कामगारांना संघटना करण्याचा व मालकाशी सामुदायिक बोलणी करण्याचा हक्क दिला. त्यातही घरकामगार नव्हते. १९३८ साली तासाला २५ सेंट किमान वेतन आणि आठवड्याला ४४ तासांची मर्यादा घालणारा कायदा झाला. त्याचाही लाभ मोलकरणींना मिळाला नाही.

हे असे का झाले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते घरोघरच्या मालकिणींकडून कर गोळा करणे अवघड म्हणून अर्थखात्यानेच ही सूचना केली होती. अर्थमंत्री मॉर्गनथाऊ यांनी तशी साक्ष दिली होती हे खरे आहे. काहींच्या मते दक्षिणेकडील गोऱ्या लोकप्रतिनिधींना आपल्या शेतावरच्या व घरातल्या काळ्या मजुराच्या हाती सरकारी पैसा पडायला नको होता. हा कायदा ज्या दोन समित्यांपुढे होता त्यांचे अध्यक्ष मिसिसिपी व नॉर्थ कॅरोलिना या दक्षिणी राज्यांचे होते, हेही खरे आहे. माझ्या अल्पमतीला असे वाटते की, दोन्ही कारणे एकमेकांना पूरकच होती. कर गोळा करण्याची अडचण खरी असेल. पण ती अडचण ज्यांच्यामुळे सोसावी लागणार होती त्या बायका गोऱ्या आणि मतदार असत्या, तर ती सोडवायला पंधरा वर्षे लागली नसती.

पंधरा वर्षे म्हणण्याचे कारण, १९५० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियमित काम करणाऱ्या मोलकरणींना सामाजिक सुरक्षा प्रथमच लागू झाली. त्यातही अट होती. एकाच मालकाकडे तिमाहीत किमान २४ दिवस काम आणि किमान ५० डॉलर मजुरी झाली पाहिजे. रोज वेगळ्या घरी जाणारी बाई पुन्हा बाहेरच. दिवसांची अट निघाली ती १९५४ साली. बरोजबाईंच्या पहिल्या विद्यार्थिनी तोपर्यंत साठीकडे झुकल्या होत्या.

मंदीच्या वर्षांत बाईंच्या शाळेचीही ओढाताण झाली. कर्ज झाले, शाळेच्या मालकीवरून कन्व्हेन्शनमधील पुरुष पुढाऱ्यांशी वादही झाले. बाई हटल्या नाहीत. १९३९ साली शाळेच्या नावात धंदेशिक्षण आणि व्यावसायिक शिक्षण हे दोन्ही शब्द घालण्यात आले. बाईंनी लग्न केले नाही. शाळा हाच त्यांचा संसार. २० मे १९६१ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. राजधानीच्या रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार २३ व्या घटनादुरुस्तीने मिळाला, आणि ती दुरुस्ती मंजूर झाली २९ मार्च १९६१ रोजी. त्या अधिकाराने १९६४ साली पहिले मतदान झाले तेव्हा बाई हयात नव्हत्या. त्याच १९६४ साली त्यांच्या शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची ट्रेड्स हॉल ही इमारत १९९१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन केलेली आहे.

त्यांच्यानंतर तरी चित्र बदलले काय? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील वर्णभेदाला बंदी केली. परंतु ही बंदी २५ किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांपुरती होती; १९७२ साली ती मर्यादा १५ वर आली. एका घरात पंधरा मोलकरणी कोण ठेवतो? त्यामुळे वर्णभेदाचा जाच जिने पिढ्यान्‌पिढ्या सोसला, तिलाच या मोठ्या कायद्याचा आधार मिळाला नाही. किमान वेतनाचा कायदा घरकामाला लागू झाला १९७४ साली, म्हणजे मूळ कायद्यानंतर ३६ वर्षांनी. संघटनेचा हक्क देणाऱ्या वॅग्नर कायद्यातील वगळणूक तर अद्याप तशीच आहे. घरकामगारांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा करणारे पहिले राज्य न्यूयॉर्क, आणि त्याचे वर्ष २०१०.

हे सारे मी इतक्या तपशिलाने का लिहितो आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्णभेद आणि आपल्याकडील जातिभेद यांचा इतिहास वेगवेगळा आहे आणि तो एकच आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आईचा कप वेगळा ठेवलेला असतो एवढे मला माहीत आहे, आणि आजारपणाचा खाडा पगारातून कापला जातो हेही माहीत आहे. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तो झाला हे चांगलेच आहे. मात्र कल्याण आणि हक्क यांत अंतर असते, हे बरोजबाईंच्या देशाचा इतिहास वाचल्यावर मला अधिक स्पष्टपणे कळले.

बरोजबाईंचे मोठेपण कशात आहे, याचा विचार करता मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, ज्या कामामुळे समाज एखाद्या बाईला हलकी समजतो, त्या कामाची लाज त्यांनी बाळगली नाही आणि आपल्या मुलींनाही बाळगू दिली नाही. दुसरी ही की, पैसा नाही, सत्ता नाही, सरकार पाठीशी नाही, अशा स्थितीत पाच-पाच सेंट गोळा करून त्यांनी पन्नास वर्षे शाळा चालविली. पण त्यांच्या चरित्राने एक मर्यादाही दाखवून दिली आहे. बाईंनी शिकवलेली मुलगी उत्तम स्वयंपाक करी, हिशेब ठेवी, स्वच्छ राही, आपला इतिहास जाणे. तरी महिन्याच्या शेवटी तिच्या हातावर किती पैसे पडायचे हे मालकिणीच्या मर्जीवरच राहिले. माणसाची योग्यता शाळा वाढवू शकते. त्या योग्यतेचे मोल त्याला मिळेल याची हमी मात्र कायद्यानेच द्यावी लागते, आणि तो कायदा करण्यात त्यांचे सरकार फार उशिरा जागे झाले.

आपण कॉलेजात शिकणारी मुले उद्या शिक्षक होऊ, कारकून होऊ, कोणी अधिकारीही होतील. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोलकरीण येईल. तिला सुट्टी किती, पगार किती, आणि कप कोणता, हे ठरविण्याची पाळी आपल्यावर येईल. कायदा व्हायचा तेव्हा होवो; तो व्हावा म्हणून आपण मागणीही केली पाहिजे. पण आपल्या घरापुरता तो आजच करण्यास कोणाची हरकत असणार आहे? बरोजबाईंना अभिवादन करण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही.